शिरस्तेदारांचा चिरूट

चिरूट फुटला की आमचा घरमालक कोर्ट भरवायचा. थट्टा न्हाई, खरंच भरवायचा. अंगात जुना काळा कोट, कोटाच्या आत बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, असा व्हरांड्यात टेबलाशी बसायचा आन् फुटक्या चिरुटाचा पंचनामा लिहायचा. लिहिताना मोठ्यानं वाचायचा. "सदर चिरूट टोकापासून दोन बोटांवर उभा फाटलेला आढळून आला." पंच दोन लागायचे. एक समोरची कन्नड अक्का, दुसरा कोपऱ्यावरचा रिक्षावाला. आन् आरोपी मी.

हुबळीत केशवापूरला त्येचं घर व्हतं. आता तो बी न्हाई आन् घर बी न्हाई, चार मजली अपार्टमेंट हाय तिथं. जन्मभर कोर्टात शिरस्तेदार व्हता. जज्जाच्या खाली बसून कागद वर सरकवायचं काम. जज्ज आले, जज्ज गेले, ह्यो आपला तिथंच. त्यामुळं त्येला वाटायचं, न्याय सगळा आपणच केला, जज्जानं नुसती सही केली. गल्लीत सगळी त्येला शिरस्तेदार म्हणायची. मी तोंडावर अप्पा म्हणायची, पाठीमागं म्हातारा. तो मला निप्पाणी म्हणायचा. माझं नाव त्येला चांगलं ठाऊक, पण हाक मारायची ती गावाच्या नावानं.

सकाळी मी मागच्या खोलीतनं झाडू घेऊन आले की विचारायचा, "हजर?"

"हजर" म्हणायचं. नुसतं "व्हय" म्हटलेलं चालायचं न्हाई.

थंडीत अंघोळीचा कंटाळा आला की म्हणायचा, "आज तहकूब." गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली की, "पुढची तारीख." पोरं पुढच्या तारखेला आली की आणखी पुढची. गणपती बुडाला तरी तारीख चाललेलीच. लग्नाच्या पत्रिका यायच्या, त्यांच्यावर 'दाखल' असा रबरी शिक्का मारून सुतळीत ओवून ठेवायचा. लग्नाला काय जायचा न्हाई. "नोंद झाली. आता करा म्हणावं संसार." ह्या माणसाला बायको कशी मिळाली आन् कशी टिकली, मला कळलं न्हाई. ती मी यायच्या आधीच गेली व्हती. भिंतीवरच्या फोटोत बिचारी दमल्यागत दिसायची.

शौक एकच, चिरुटाचा. जावई बोटीवर नोकरीला. वर्षातनं एकदा तो परदेशातनं डबा आणायचा, पन्नास चिरूट. डॉक्टरनं छातीला नळी लावून सांगितलं व्हतं, आठवड्याला एक, वर एक झुरका न्हाई. ह्यानं डॉक्टरला शब्द दिला आन् पाळला. रविवारी दहाच्या सुमाराला एक. वर्षाचे रविवार बावन्न, चिरूट पन्नास. उरलेल्या दोन रविवारांना तो 'कोर्टाची सुट्टी' म्हणायचा आन् दिवसभर भांडायला माणूस हुडकायचा.

आता गंमत अशी की रविवारचा चिरूट मधीच फुटला तरी तो त्या आठवड्याचा चिरूट झाला. दुसरा पेटवायचा न्हाई. शब्द म्हंजी शब्द. म्हंजी फुटला की आठ दिवस कोरडे. त्या आठ दिवसांत दूधवाला, पेपरवाला, मी, सगळ्यांनी खाली मान घालून चालायचं.

चिरूट म्हंजी काय बिडीचा थोरला भाऊ न्हवं. बिडीला वरनं टेंभुर्णीचं पान आन् आत तंबाखूचा भुगा. चिरुटात आतबाहेर सगळा तंबाखूच. वरनं गुंडाळलेलं पान कांद्याच्या पापुद्र्यागत पातळ. ते कुठं तडकलं की तिथनं वारा शिरतो. मग ओढ ओढ ओढलं तरी धूर येत न्हाई, एकाच अंगानं जळत सुटतं, आन् पान असं सुटत जातं, जसं काय गर्दीत लुगड्याच्या निऱ्यांवर कुणाचा पाय पडला.

मला हे कळतं, कारण मी निप्पाणीची. शाळा तिसरीपतोर. पुढं तंबाखूची वखार. आठव्या वर्षापास्नं मी त्या धुरळ्यात बसले. आमच्याकडं पोरीला वेणी घालायला शिकवायच्या आधी बिडी वळायला शिकवायचे. लगीन झालं. नवरा लॉरीवर क्लीनर. एक दिवस लॉरी आली, तो आला न्हाई. कुणी म्हटलं मेला, कुणी म्हटलं दावणगेरेत दुसरी केली. मी मेला असंच धरलं. त्येनं जीवाला बरं पडतं.

तवा मला सुमीचे दिवस गेले व्हते. आई नव्हती. भावाच्या दारात गेले तर भावजयीनं आतनं कडी घातली. मग काय, सुमी झाली ती वखारीतच. बायकांनी पोती अंथरली, लुगड्यांचा आडोसा केला. पान कापायची कात्री निखाऱ्यावर धरून त्याच कात्रीनं एकीनं नाळ कापली. पोरगी जन्मली ती रडायच्या आधी शिंकली. तिसऱ्या दिवशी मी पोरीला सुपात घालून बिड्या वळायला बसले. रडले बिडले न्हाई, रडायला अंगात पाणी कुठं व्हतं. पण त्या पोत्यावर पडल्या पडल्या एक ठरवलं. हिचं पहिलं बाळंतपण माझ्या दारात व्हईल. दार कसलं का असंना, आतनं कडी मी घालीन.

त्या दाराच्या पायी हुबळीत आठ खोल्या बदलल्या. धुणीभांडी केली, खानावळीत चपात्या लाटल्या, सुमीला दहावी केलं, गदगला दिली. नववी खोली ह्या म्हाताऱ्याची.

खोली मागायला गेले तवा तो व्हरांड्यात बसून शिव्या देत व्हता. हातात फाटका चिरूट.

"गाव कुठलं?"

"निप्पाणी."

म्हातारा उठून उभाच राहिला. "निप्पाणी? मग हा का फुटला सांग. बरोबर सांगितलंस तर खोली तुझी."

डब्यातला एक मागून घेतला. कानाशी धरला, दोन बोटांत हळू दाबला. करकर वाजला. वाळलेल्या पापडागत.

"तहानलाय ह्यो. ठेवता कुठं?"

"फ्रिजमध्ये. थंड राहावेत म्हणून."

"आन् फ्रिजमधली कोथिंबीर बघितली का, चार दिवसांनी कशी व्हती ती? फ्रिज पाणी पितो. तुमच्या चिरुटातलं समदं पिऊन बसलाय."

म्हाताऱ्यानं जाऊन कोथिंबीर बघितली. परत आला, टेबलाचा खण उघडला, स्टँपपेपर काढला. मला वाटलं भाडं सांगंल. पण भाडं न्हाईच. त्येनं लिहिलं की मागची खोली मला राहायला, बदल्यात घरची झाडलोट आन् चिरुटांची राखण. आन् खाली एक कलम. तीन चिरूट फुटले की खोली खाली. तीनदा वाचून दाखवलं. मला वाटलं, तीन चिरूट म्हंजी काय, म्या जन्मात लाखांनी बिड्या वळल्यात. सही ठोकली.

पहिला गुन्हा माझाच. कबूल करते. वखारीत आम्ही टेंभुर्णीची पानं ओल्या गोणपाटात बांधून ठेवायचो, म्हंजी वळताना मोडत न्हाईत. तेच डोक्यात. चिरुटांचा डबा म्या ओल्या फडक्यात गुंडाळला, वरनं रोज पाणी शिंपडलं, आन् शहाणपणानं कपाटात ठेवला. महिना पावसाचा. पंधरा दिवसांनी म्हाताऱ्यानं डबा उघडला आन् वरडला.

"निप्पाणी! माझ्या चिरुटांना मिशा फुटल्यात!"

पांढरी बुरशी. वरचे चार गेले. खालचा एक पुसून पेटवला, तर आतला तंबाखू पाणी पिऊन असा फुगलेला, की आच लागल्याबरोबर वरचं पान फट्दिशी फाटलं. सवाष्णीच्या तंग चोळीगत. मी म्हटलं, पाच गेले, आता बोचकं बांधायला लागतंय. पण म्हातारा न्यायाचा पक्का. पंचनाम्यात लिहिलं, "घटना एक, गुन्हा एक." वर मला म्हणाला, "कायदा आंधळा असतो ग. मूर्ख नसतो."

मग म्या डोकं चालवलं. वखारीतला एक म्हातारा मुकादम आठवला. तो पानाला कधी पाण्याचं बोट लावू द्यायचा न्हाई. पहाटेच्या गारव्यात पान आपसूक मऊ पडतं, तवाच गठ्ठे हलवायचे. म्हंजी पानाला पाणी न्हाई, पाण्याची हवा पायजे. फुटक्या माठाची एक खापरी घेतली. रातभर भिजत घातली, पुसून कोरडी केली आन् चिरुटांच्या डब्यात कोपऱ्यात ठेवली, चिरुटाला शिवणार न्हाई अशी. उन्हाळ्यात चार दिवसांनी भिजवायची, पावसात अजिबात न्हाई. आठ दिवसांत चिरूट असे झाले, दाबले तर दबायचे आन् सोडले तर परत यायचे. लहान पोराच्या गालागत.

म्हाताऱ्यानं दाबून बघितला. "हं," म्हणाला. एवढंच. त्येच्या तोंडनं "हं" म्हंजी लोकांचं शाबास.

दुसरा गुन्हा दिवाळीत झाला. म्हाताऱ्यानं नवी कवळी बसवली व्हती. चिरुटाच्या तोंडाला एक बारकी गोल टोपी चिकटवलेली असती, पानाचीच. सगळं पान त्या टोपीनं धरलेलं असतंय. तिचा नुसता शेंडा उडवायचा. ह्यो बहाद्दर ती दातानं तोडायचा. आधी स्वतःचे दोन दात व्हते, तवा कसं तरी निभायचं. नवी कवळी बसली आन् पहिल्याच घासाला अर्धा इंच तुकडा तोंडात आला. टोपी गेली. पान फेट्यागत सुटत सुटत खाली.

"हे दातांनी झालं, अप्पा," म्या म्हटलं.

"दात माझ्या बाजूचे साक्षीदार आहेत. त्यांची उलटतपासणी होत नाही."

अक्का पदर तोंडाला लावून हसत व्हती, तरी तिनं सही केलीच. दुसरा.

पुढं संक्रांत झाली आन् गदगहून सुमीचा फोन. दिवस गेलेत, सहावा लागला. आठव्यात तिला आणायची ठरली. तिची सासू फोनवर म्हणती, "विहीणबाई, बाळंतीण ठेवायला चार भिंती लागत्यात. तुमच्याकडं सोय हाय का, का हितंच करू?" म्या म्हटलं, "भिंती चार हायत, मोजून घ्या येऊन. दार बी हाय." फोन ठेवला आन् खोलीत जाऊन खरंच भिंती बघत बसले. दोन फुटले व्हते. एक उरला व्हता.

सुमी आली. पोटाचा ढोल घेऊन अंगणातनं चालली की म्हातारा पेपर तोंडापुढं धरायचा. तिला कधी बोलला न्हाई. मला मात्र विचारायचा, "निप्पाणीच्या पोरीची तारीख कितवी?" म्या सांगितलं की मान हलवायचा, जसं काय तीच तारीख त्येच्या वहीत व्हती.

चैत्रातला रविवार. असलं ऊन, की अंगणातली दोरी सुद्धा ताठ झाली व्हती. म्या चिरूट बघून, दाबून, कानाशी धरून दिला. एकदम शहाणा चिरूट. आन् वीस मिनिटांत व्हरांड्यातनं हाक आली.

"आरोपी हजर हो!"

फाटला व्हता. वरनं खाली, सरळ. म्हाताऱ्यानं पंचनामा लिहिला. अक्काची सही झाली, रिक्षावाल्याची झाली. मग चष्मा काढून म्हणाला, "तिसरा. महिनाअखेर खोली खाली."

मला वाटलं व्हतं, सुमी मागच्या खोलीत झोपलीय, तिचं पोट त्येला रोज दिसतंय, म्हातारा तारीख तरी वाढवंल. साऱ्या जगाला तारीख देणारा माणूस. पण तो कागद घडी घालून आत गेला. रिक्षावाला मला म्हणाला, "मावशी, शिरस्तेदारांनी एकदा हुकूम केला की ते स्वतःचं बी ऐकत न्हाईत."

रात्री सुमीला काय सांगितलं न्हाई. सकाळी झाडू घेऊन गेले.

"हजर?"

"हजर. आन् माझं म्हणणं ऐकून घेतलेलं न्हाई."

"काय?"

"तुम्हीच सांगता न्हवं, आरोपीचं म्हणणं ऐकल्याबिगर निकाल देता येत न्हाई. तिन्ही वेळेला नुसती सही घेतलीसा. म्हणणं कवा घेतलं?"

म्हाताऱ्याच्या हातातला चहा निवत गेला. कायद्यातली चूक त्येला भाकरीतल्या खड्यागत लागायची.

"बरं. पुढचा रविवार. सुनावणी."

"सुनावणीत तुम्ही चिरूट ओढायचा, मी सांगीन तसा. फुटला तर त्याच दिवशी संध्याकाळी पोरीला घेऊन जाते, महिनाअखेर कशाला. न्हाई फुटला तर गुन्हा तुमचा."

"कुठे जाशील या अवस्थेत?"

"ते कोर्टानं विचारायचं नसतंय."

आठवडाभर मी त्या एका चिरुटाची राखण केली. खरं सांगते, विठोबाला हात जोडताना बी चिरूटच डोळ्यापुढं यायचा, देव हसला असंल.

रविवारी दहा वाजता म्हातारा कोट घालून बसला. अक्का आली, रिक्षावाला आला. मी सूप घेऊन जमिनीवर बसले, सुपात तुरीची डाळ.

म्हाताऱ्यानं खिशातनं अडकित्ता काढला. बापाचा, पितळी, नक्षीचा. दाताचा प्रकार झाल्यापास्नं तो टोपी अडकित्त्यानं कातरायचा.

"ते ठेवा. अडकित्ता कापत न्हाई, चेंगरतो. सुपारीला हाडं असत्यात, ह्याला न्हाईत." म्या दाढीचं नवं पातं आणलं व्हतं. नखाएवढा शेंडा उडवला, टोपीची कड राखून.

"पंखा बंद करा."

"चैत्रात?"

"पंख्यानं एका अंगाला वारा लागतो, मग एकच अंग जळतं."

पंखा बंद झाला. कोटात म्हाताऱ्याला घामाच्या धारा लागल्या. अक्का म्हणाली, "कोट तरी काढा हो." तो म्हणाला, "कोर्टात?"

"काडी चिरुटात खुपसू नका. लांबनं, गोल गोल फिरवत. हां. आता झुरका. एक. बास. आता मी एक मूठ डाळ निवडणार. ती झाली की दुसरा."

"एक मूठ?"

"इंजिनासारखं भक भक ओढलं की चिरूट आतनं तापतो, पान बाहेरनं थंड. फाटणार न्हाई तर काय करंल? त्या दिवशी तुम्ही जावयाशी फोनवर भांडत ओढत व्हता. जावई म्हणत व्हता घर विका. म्या न्हाणीतनं ऐकलंय."

म्हाताऱ्यानं पंचांकडं बघितलं. पंच छताकडं बघत व्हते.

मूठभर डाळ निवडायची, खडे बाजूला, "ओढा" म्हणायचं. परत मूठभर. म्या आयुष्यात इतक्या सावकाश डाळ निवडली न्हाई. पाव तास गेला. अर्धा गेला. चिरुटाच्या टोकाला राख धरली, पांढरी, बोटभर, पडंना. म्हातारा डोळे मिटून बसला. मग हळूच म्हणाला, "निप्पाणी, याला चव आहे ग. गुळासारखी."

"इतकी वर्सं काय घेत व्हता?"

"धूर."

आन् तेवढ्यात, जित्याची खोड, त्येनं चिरुटावरचं कागदाचं कडं ओढून काढलं. पंचनाम्याला मुद्देमाल म्हणून तो कडी चिकटवून ठेवायचा. गोंद पानाला धरला व्हता. बारकीशी चीर पडली. तांदळाएवढी. पण तिथनंच पुढं जाते ती.

माझ्या हातातली डाळ सुपात पडली.

"धरा, हलवू नका!" उठले, बोट तोंडात घातलं.

म्हातारा चिरूट घेऊन मागं सरला. "खबरदार! थुंकी? उष्टं? माझ्या चिरुटाला?"

"चीर ओली केली की बसती. वखारीत आम्ही हेच करत आलोय. तुम्ही पंगतीत बसून वर पान खाऊन जी बिडी ओढली असंल, ती कुणा ना कुणा बाईच्या थुंकीचीच व्हती."

"मी बिडी ओढत नाही!"

"मग फुटू द्या. माझं म्हणणं पुरं झालं. कडं तुम्ही ओढलं, दोन पंच साक्षीला हायत."

चीर चिरुटावर वर चालली व्हती. रिक्षावाला म्हणाला, "शिरस्तेदार, लवकर काय ते बोला." म्हाताऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं. एकीकडं सात पिढ्यांचं सोवळं, दुसरीकडं आठ दिवसांचा चिरूट. त्येनं डोळे घट्ट मिटले आन् चिरूट माझ्यापुढं केला.

"लाव."

लावली. बोटानं दाबून धरली, दहा मोजले. बसली चीर. डोळे न उघडताच त्येनं चिरूट तोंडात घातला, झुरका घेतला. अक्का "अय्यो शिवने" म्हणाली आन् तोंड फिरवलं.

अर्ध्याच्या पुढं आलो व्हतो. आणखी सात-आठ मुठी, की संपलं असतं. तेवढ्यात मागनं सुमीचा आवाज आला. "आये." वरडली न्हाई, माझीच पोर ती. नुसतं "आये." पण मला कळलं.

मी सूप घेऊन तशीच बसून राहिले. खोटं कशाला बोलू, एक मूठ डाळीइतका वेळ बसले. उठले असते तर चिरूट फुटला का न्हाई, निकाल काय, खोली कुणाची, सगळं लटकलं असतं. म्हातारा माझ्याकडं बघत व्हता. मग त्येनं रिक्षावाल्याला दरडावलं, "पंच काय बसलाय, रिक्षा काढ!" आन् मला म्हणाला, "ऊठ. कोर्ट उठलं."

सुमीला मी आन् अक्कानं धरून मागं बसवलं. म्हातारा ड्रायव्हरच्या शेजारी, अर्ध्या बुडावर, काळा कोट, अर्धी चड्डी. विझलेला चिरूट मुठीत उभा धरलेला, उदबत्तीगत. सरकारी दवाखान्याच्या दारातल्या वॉचमननं कोट बघून सलाम ठोकला, मग चड्डी बघून हात खाली घेतला.

सुमीला आत नेलं. टेबलाशी नर्सबाई वही घेऊन कन्नडमधे विचारत व्हती. नाव, वय, नवऱ्याचं गाव. मग म्हणाली, "बाळंतीण इथनं कुठं न्यायची? घराचा पत्ता सांगा."

पत्ता पाठ व्हता. पण तो महिनाअखेरपतोरचा. पुढं काय सांगू? भावजयीची कडी आठवली, आतनं घातलेली. नर्सबाई म्हणाली, "आज्जी, घर कुठं तुमचं?"

"लिहा," मागनं म्हातारा म्हणाला. चिरूट त्येनं कोटाच्या खिशात घातला व्हता आन् कोर्टात म्हणत असंल तसा सावकाश, एकेक शब्द सोडत पत्ता सांगितला. केशवापूर, गल्ली, घर नंबर. "मागची खोली."

"तुम्ही पेशंटचे कोण?"

"घरमालक. आणि बाई, पत्त्यापुढे एक शब्द लिहा. कायम."

"असं काय लिहायची जागा न्हाई, सर."

"मग बाजूला लिहा. मी सही करतो."

आन् केली बघा. नर्सबाईच्या वहीत, बाजूच्या कोऱ्या पट्टीत. नर्सबाई माझ्याकडं बघून डोक्याशी बोट फिरवती. म्या मान हलवली. व्हय, हाय तसाच.

दुपारी मुलगी झाली. रडली, शिंकली न्हाई.

पाचव्या दिवशी बाळंतिणीला घेऊन घरी आले. दार म्या उघडलं, आतनं कडी म्या घातली. मागच्या खोलीत बाज टाकली, शेक दिला, डिंकाचे लाडू केले. म्हाताऱ्यानं चुकून बी निकालाचं नाव काढलं न्हाई. म्या बी न्हाई. त्येच्यापाशी गोड बोललं की तो बिथरायचा.

रविवार आला. दहा वाजता व्हरांड्यात बघते तर खुर्ची रिकामी. बाहेर फाटकापाशी गटारावरची फरशी हाय, तिच्यावर काळा कोट घालून बसलेला. उघड्यावर, वळवाचा वारा सुटलेला. चिरूट पेटवायला आठ काड्या लागल्या. पेटला तो एकाच अंगानं. मी पळत गेले.

"अप्पा, आत या. वाऱ्यात हे पान टिकायचं न्हाई, आत्ता फुटंल बघा."

"सुम्ने, गप जा ग आत," म्हणाला. "धूर घरात येतो."

फुटला. तिसऱ्या झुरक्याला टराटरा उलगडला. त्येनं चिरुटाकडं बघितलं, गटारात टाकला आन् बसून राहिला. कागद काढला न्हाई. पुढच्या रविवारी परत तिथंच. परत फुटला. असे सव्वा महिना. जावयाचे परदेशी चिरूट एकेक करून गटारात गेले.

समोरची अक्का एक दिवस दारात उभी राहून म्हणाली, "शिरस्तेदार, घर तुमचं आन् रस्त्यावर तुम्हीच? काय झालं काय?"

म्हातारा फाटक्या चिरुटाची राख झटकत तिच्यावरच खेकसला, "आत बाळंतीण आहे. कळत नाही?"